आखाजीला माहेरी, जूनमध्ये परीक्षा

पत्र :
मॅडम, मी अमळनेरची. बीएस्सी नर्सिंग महाराष्ट्रातच केलं, मग अमेरिकेत गेले. ह्यूस्टनला आयसीयूत अकरा वर्षं झाली. ड्यूटी सांभाळून फॅमिली नर्स प्रॅक्टिशनरचं (स्वतः तपासून औषध लिहून देणाऱ्या नर्सचं) एमएसएन, म्हणजे नर्सिंगमधली मास्टर्स, डिसेंबरात पूर्ण केलं. फेब्रुवारीत एएएनपीसीबी या प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेची सर्टिफिकेशन परीक्षा दिली, ४८२ आले. ५०० लागतात. अप्पांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून सध्या माहेरी आहे, मेच्या मध्यात परत जाईन. जूनमध्ये पुन्हा बसायचंय. दोन क्वेश्चन बँका, एक जाडजूड पुस्तक, व्हिडिओ लेक्चर्स, सगळं आहे, पण इथे अभ्यास होत नाही. पहाटे गच्चीवर बिबडे (ज्वारीचे पापड), दुपारी ऊन आणि लाइट गेलेली, संध्याकाळी अख्खी गल्ली बीपी मोजायला. आई म्हणते, 'तू ते नर्स शेच ना वं, मंग आते कसानी परीक्षा?' नापास झाल्याचं फक्त नवऱ्याला माहीत आहे. अप्पा सगळ्यांना सांगत सुटलेत की पोरगी डॉक्टरच्या बरोबरीची झाली. दुसऱ्या संस्थेची परीक्षा देऊ का? अजून कुठलं पुस्तक घेऊ? की हा नाद सोडून आयसीयूतच राहू? चुकलेल्या प्रश्नांच्या वहीचे फोटो सोबत पाठवतेय.
– आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आलेली लेक

उत्तर :

तू मला मॅडम म्हटलंयस, तेव्हा मी सरळ अगं-तुगं करते. माझ्या वर्गातल्या पोरींच्याच वयाची आहेस.

पत्र एकदा वाचलं, वहीचे फोटो मात्र पुन्हा पुन्हा काढून पाहिले. तुझं दुखणं पत्रात नाही, वहीत आहे. डावीकडे प्रश्न, उजवीकडे लाल पेनाने बरोबर उत्तर, आणि मध्ये तू निवडलेलं चुकीचं उत्तर. ती मधली ओळच नुसती वरून खाली वाचत गेले. 'फिजिशियनला कळवणे.' 'निरीक्षण चालू ठेवणे.' 'छातीचा एक्स-रे.' 'सीटी स्कॅन.' 'इमर्जन्सीत पाठवणे.' पुन्हा 'फिजिशियनला कळवणे.' पान उलटलं तरी तेच. विषय बदलतात, कधी त्वचा, कधी मूल, कधी गरोदर बाई. चूक तीच राहते. म्हणजे माहिती कमी पडलेली नाही. एक तर तू निर्णय दुसऱ्याकडे सरकवतेस, नाही तर बऱ्या माणसाला आयसीयूत नेऊन ठेवतेस.

तुझ्याच वहीतला एक प्रश्न घेऊ. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, सहा आठवड्यांपूर्वी लिसिनोप्रिल सुरू केलंय. बीपी १२६/७८, म्हणजे गोळी काम करतेय. तक्रार एकच, कोरडा खोकला, रात्री जास्त. ताप नाही, वजन घटलेलं नाही, छाती स्वच्छ. तू एक्स-रे निवडलास. का निवडलास ते मला इथे जळगावात बसून दिसतं. अकरा वर्षं तुझ्यासमोर खोकला आला तो व्हेंटिलेटरवरच्या माणसाचा, तिथे एक्स-रे रोज सकाळी निघतो. पण हा माणूस चालत आलाय, बाहेर त्याची गाडी उभी आहे, त्याला अर्ध्या तासात कामावर परत जायचंय. लिसिनोप्रिलसारख्या एसीई इनहिबिटरने खोकला येतो हे तुला झोपेतून उठवून विचारलं तरी तू सांगशील. प्रश्न तो विचारतच नाही. तो विचारतो, मग आता काय करशील? लिसिनोप्रिल बंद, लोसार्टनसारखी एआरबी (बीपीचीच दुसऱ्या गटातली गोळी) सुरू, काही आठवड्यांनी बीपी आणि रक्त तपासायला परत बोलव. एवढंच. ऑर्डर कुणाकडून घ्यायची नाही, ती तूच लिहायचीस.

दुसरा. सव्वीस वर्षांची बाई, दोन दिवस लघवीला जळजळ, सारखं जावं लागतं. ताप नाही, कुशीत दुखत नाही, गरोदर नाही. तू लिहिलंस, कल्चर पाठवून रिपोर्टची वाट बघणे. तोवर ती बिचारी दोन दिवस जळजळ सोसणार? साध्या मूत्राशयाच्या इन्फेक्शनला नायट्रोफ्युरँटॉइन पाच दिवस, आणि ताप आला, पाठीत-कुशीत दुखू लागलं तर लगेच ये असं सांगून घरी. प्रश्नात तोच ताप आणि कुशीवर ठोकल्यावर होणारं दुखणं दिलं असतं, तर किडनीपर्यंत गेलेलं इन्फेक्शन म्हणून वेगळा विचार. परीक्षक तो एक शब्द घालून किंवा काढून बघतात, तुझं लक्ष आहे का.

आता तुझे बरोबर आलेले बघ. सत्तरीची बाई, कानशिलात नव्याने सुरू झालेलं दुखणं, घास चावताना जबडा दुखतो, नजर अंधुक होतेय. तू बायोप्सीची वाट न बघता ताबडतोब स्टेरॉइड निवडलंस, नाही तर दृष्टी जाते. सिकलसेलच्या मुलाला ताप आला की थांबायचं नाही, हेही बरोबर. तो तर तू नंदुरबारकडच्या क्लिनिकल पोस्टिंगमध्ये डोळ्यांनी पाहिला असशील. धडगाव-अक्कलकुव्याच्या पट्ट्यात सिकलसेल कुणाला नवा नाही. आजारी माणूस तुला लांबून ओळखू येतो. बरा माणूस आला की तू गोंधळतेस. आणि या परीक्षेत समोर येणारी बहुतेक माणसं बरीच असतात, किंवा थोडीशी बिघडलेली.

हे काही उगाच नाही. नर्स प्रॅक्टिशनर हा प्रकारच मुळी धडधाकट मुलांसाठी निघाला. १९६५ साली कोलोरॅडो विद्यापीठात लॉरेटा फोर्ड या नर्सने आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञाने पहिला अभ्यासक्रम सुरू केला. डॉक्टर नसलेल्या भागात मुलांची वाढ बघणं, लसी, आईशी बोलणं, आणि बिघडलंय ते वेळेत ओळखून पुढे पाठवणं, एवढ्यासाठी. आयसीयूच्या वाटेने येणाऱ्या सिस्टरला ही परीक्षा म्हणूनच वाकडी जाते. ज्ञान भरपूर, पण दुसऱ्या टोकाचं.

म्हणून तुझ्या पुस्तकाच्या प्रश्नाला उत्तर : नवीन काहीच घेऊ नकोस. आहेत त्यातली एक क्वेश्चन बँकही बंद कर. दोन बँका म्हणजे दोन प्रकारची भाषा, दोन प्रकारची टक्केवारी, आणि रोज संध्याकाळी कुठली खरी यावर मनात भांडण. व्हिडिओ लेक्चर्स तर अभ्यास केल्याचं समाधान देण्यासाठीच असतात असं माझं मत होत चाललंय. कूलरसमोर पडून ऐकायला बरी वाटतात. आणि टेलिग्रामवर 'परवाच्या पेपरात आलेले' प्रश्न विकणारे ग्रुप असतात, त्यांच्या वाटेला तर अजिबात जाऊ नकोस. परीक्षेआधी आपण गुप्ततेच्या करारावर सही करतो. त्या पायी सर्टिफिकेशन गेलं तर अकरा वर्षांच्या लायसन्सवरही किटाळ येईल.

मग करायचं काय? वहीतली मधली ओळ बदलायची. रोज पंचवीस-तीस प्रश्नच सोडव, पण प्रत्येकाचे पर्याय हाताने झाकून. आधी शेवटची ओळ वाच, म्हणजे काय विचारलंय ते कळेल : सर्वात शक्य निदान, पहिली तपासणी, पहिलं औषध, की पुढची पायरी? हे चार वेगळे प्रश्न आहेत आणि तू चारींना एकच उत्तर देतेस. मग वरची गोष्ट वाच आणि पर्याय न बघता स्वतःचा निर्णय एका वाक्यात लिही. 'लिसिनोप्रिल बंद करून लोसार्टन देते.' वाक्याचा कर्ता 'मी' असला पाहिजे. त्यानंतर हात काढ. तुझं वाक्य पर्यायांत सापडलं तर ठीक. नाही सापडलं तर स्पष्टीकरण वाच. पहिले काही दिवस फार हळू जाईल, चिडचिड होईल. होऊ दे.

वेगाची काळजी शेवटच्या दोन आठवड्यांत. दीडशे प्रश्न, तीन तास, म्हणजे प्रश्नाला बहात्तर सेकंद. दीडशेतले पंधरा प्रश्न मोजलेच जात नाहीत, ते पुढच्या परीक्षांसाठी चाचपून बघितलेले असतात. कुठले ते आपल्याला कळत नाही. त्यामुळे एखादा प्रश्न अगदी परका वाटला तर तो त्यातला समजायचा आणि पुढे जायचं. चुकीला मार्क कापत नाहीत, म्हणून रिकामं काहीच सोडायचं नाही.

दुसऱ्या संस्थेचं विचारतेस. ती संस्था एएनसीसी, तिची परीक्षा १७५ प्रश्नांची, साडेतीन तासांची, त्यातले पंचवीस न मोजलेले, ५०० पैकी ३५० ला पास. गणित करून बघ, तिथेही प्रश्नाला बहात्तर सेकंदच येतात. फरक मजकुराचा आहे. एएएनपीसीबी जवळजवळ सगळी पेशंटभोवती फिरते. एएनसीसीत संशोधन, नीतिनियम, गुणवत्ता सुधारणा, आरोग्यधोरण असंही येतं, आणि चार पर्यायांखेरीज ओढून जुळवायचे, एकाहून जास्त निवडायचे असे प्रश्न असतात. नावापुढे एकीत एफएनपी-सी लागतं, दुसरीत एफएनपी-बीसी. नोकरीला दोन्ही चालतात. एमएसएनच्या संशोधनाच्या पेपरात तुला रस वाटला होता का? वाटला असेल तर विचार कर. पण अठरा गुणांनी हुकलीस म्हणून रागारागात घोडा बदलणार असशील तर नको. निर्णय सरकवायची सवय तिथेही तशीच बरोबर येईल. उलट, एएएनपीसीबीत कॅलेंडर वर्षात दोनदाच बसता येतं, म्हणजे या वर्षाची तुझी एकच संधी उरलीय. ती चुकली तर एएनसीसीचं दार उघडं आहे, ते तेव्हा बघू. दोन्हीकडचे नियम बदलत असतात, तेव्हा फॉर्म भरायच्या दिवशी त्या-त्या संस्थेचं उमेदवारांसाठीचं हँडबुक उघडून स्वतः वाच. मैत्रिणीने दोन वर्षांपूर्वी काय केलं त्यावर जाऊ नकोस.

पुन्हा बसायच्या आधी कमकुवत भागातले पंधरा तासांचे कंटिन्यूइंग एज्युकेशन दाखवावे लागतात. पुष्कळजणी कुठलाही स्वस्त कोर्स चालवून ठेवतात आणि मागे पोळ्या लाटतात. तू तसं करू नकोस. नापासाच्या रिपोर्टात तुझी कुठली बाजू लंगडी ते लिहिलेलं असतं. तुझ्या वहीवरून माझा अंदाज : मुलं, गरोदरपण, आणि अजून काहीच झालेलं नाही अशांच्या तपासण्या. पंधराच्या पंधरा तास तिथेच घाल.

आता माहेर. तू त्याला अडचण म्हणतेस. मला त्यातलं निम्मं तरी तुझ्या कामाचं दिसतं.

आखाजीला भाचरं येतील. झोक्यावरून उतरत नाहीत आणि रसाचे हात भिंतीला पुसतात म्हणून ओरडण्याआधी त्यांच्याकडे परीक्षेच्या डोळ्याने बघ. आयसीयूत दोन वर्षांचं धडधाकट मूल तुझ्यासमोर कधी आलं असेल? तीन वर्षांच्या पोराच्या हातात खडू दे आणि तू गोल काढून दाखव. त्याला तसा काढता येतो का बघ. चार वर्षांच्या पोरीला माणूस काढायला सांग, डोकं-हात-पाय असे तीन तरी अवयव आले का? पंधरा महिन्यांचं बाळ धरल्याशिवाय दोन-चार पावलं टाकतंय का, दीड वर्षाचं न धरता चालतंय का? पुस्तकातला तक्ता पाठ होत नाही म्हणून तू वहीत तीनदा उतरवलास. भाचीचं नाव त्या वयापुढे लिही, आपोआप लक्षात राहील. घरात कुणी सात महिन्यांची गरोदर असेल तर तीही आलीच : बीपीची एसीई इनहिबिटर गोळी हिला का चालणार नाही, सूज कुठली साधी आणि कुठली नाही.

लसींचं मात्र सांभाळ. इथे तुझं डोकं दोन देशांत फाटतं. आपल्याकडे जन्मल्या-जन्मल्या बीसीजी आणि तोंडातून पोलिओ; अमेरिकेत बीसीजी सरसकट देत नाहीत, आणि तोंडातून द्यायचा पोलिओ २००० सालापासून बंद, फक्त इंजेक्शन. गोवर-रुबेलाचा पहिला डोस आपल्याकडे नऊ महिन्यांनंतर, तिथे एमएमआर वर्ष पुरं झाल्यावर, बारा ते पंधरा महिन्यांत. आईच्या कपाटात तुझं पिवळं पडलेलं लसीकरण कार्ड असेल तर ते परीक्षा होईपर्यंत बघूच नकोस.

बीसीजीवरून आठवलं. तुझ्या वहीत हा प्रश्न आहे आणि तुझ्या डाव्या दंडावर त्याचा वणही असेल. भारतातून दोन वर्षांपूर्वी आलेली नर्स, लहानपणी बीसीजी झालेली, नोकरीच्या वेळी हातावरच्या ट्युबरक्युलिन टेस्टला बारा मिलिमीटर कठीण सूज. तू लिहिलंस, बीसीजीमुळे आलंय, दुर्लक्ष करणे. आपल्या सगळ्याजणी हेच म्हणतात, ओळखीच्या डॉक्टरनेही तेच सांगितलेलं असतं. तिथलं उत्तर असं : टीबी जास्त असलेल्या देशातून अलीकडे आलेल्यांना आणि दवाखान्यात काम करणाऱ्यांना दहा मिलिमीटरला पॉझिटिव्ह धरतात, बीसीजी झालं असलं तरी. मग लक्षणं विचार, छातीचा एक्स-रे काढ, चालू टीबी नाही ना बघ, आणि मग दबलेल्या टीबीच्या उपचाराचं बोल. बीसीजी झालेल्यांना रक्ताची आयजीआरए तपासणी जास्त बरी, कारण बीसीजीने ती बिघडत नाही. बघ, इथे एक्स-रे बरोबर आहे. लिसिनोप्रिलवाल्याला नव्हता. एक्स-रे चांगला की वाईट हा प्रश्नच नाही. कशासाठी काढतेस ते सांगता आलं पाहिजे.

तपासण्यांचं तसंच. आपल्या भागात दुखल्याशिवाय दवाखान्याची पायरी कोण चढतं? कापूस वेचून झाल्यावर, लग्न पार पडल्यावर, पाऊस पडून गेल्यावर, मग बघू. तू त्या घरातली, आणि नोकरी आयसीयूत. म्हणजे काहीही होत नसलेल्या माणसाला बोलावून तपासायचं हे तुझ्या अंगातच नाही. त्या परीक्षेच्या मात्र ते नसानसांत आहे. साध्या धोक्याच्या माणसाला आतड्याच्या कॅन्सरची तपासणी पंचेचाळीसपासून. मॅमोग्राफी चाळीस ते चौऱ्याहत्तर, दर दोन वर्षांनी. गर्भाशयमुखाची तपासणी एकविसापासून, त्याआधी नाही, लग्न झालं असलं तरी नाही. पन्नास ते ऐंशीतला माणूस, वीस पॅक-वर्षं (रोज एक पाकीट याप्रमाणे वीस वर्षं) सिगारेट, अजून ओढतोय किंवा सोडून पंधरा वर्षं व्हायचीत, तर फुप्फुसाचा कमी डोसाचा सीटी दरवर्षी. पासष्ट ते पंच्याहत्तरचा पुरुष, कधीतरी सिगारेट ओढलेला, त्याच्या पोटातल्या महाधमनीची एकदा सोनोग्राफी. घरातल्या माणसांवर हे आकडे बसवून बघ. अप्पांचं वय किती, विडी होती का, शेवटची शुगर कधी तपासली? आईची मॅमोग्राफी झालीय कधी? झाली नसेल, आणि तो परीक्षेबाहेरचा प्रश्न आहे, पण जाण्याआधी जळगावला किंवा धुळ्याला नेऊन आण.

बीपीवाल्या गल्लीलाही तोंड चुकवू नकोस, पण वेळ बांध. संध्याकाळी सहा ते पावणेसात, ओट्यावर. बीपी मोज, आकडा चिठ्ठीवर लिहून दे, आणि 'डॉक्टरांना दाखव' म्हण. गोळी सांगायची नाही, कुणाची गोळी बदलायची नाही, सलाइन-इंजेक्शन तर नाहीच. इथे तुला तो अधिकार नाही, आणि तिथला अजून मिळालेला नाही. शेजारची मावशी रुसेल. रुसू दे. माणूस गेल्यावर मात्र वहीत पाच ओळी लिही : हिला काय असू शकतं अशी तीन निदानं, चुकवून चालणारच नाही असं एक, मी पहिली कुठली तपासणी केली असती, पहिलं औषध कुठलं, आणि परत कधी बोलावलं असतं. मग ते तिकडच्या गाइडलाइनशी ताडून बघ. बीपीची रेघच बघ ना, तिथे २०१७ पासून १३०/८० ला पोचलं की हायपरटेन्शन म्हणतात. त्या हिशोबाने तुझा अर्धा ओटा पेशंट निघेल. रोज दोन माणसं पुरेत. हा सराव कुठल्याच क्वेश्चन बँकेत मिळत नाही, कारण तिथे पेशंट सरळ बोलतो. आपली माणसं आधी जावयाचं सांगतात, मग पावसाचं, आणि उठता उठता 'छातीत जरा भरल्यासारखं होतं' म्हणतात.

एक सावधगिरी. एप्रिल-मेत आपल्याकडे ताप म्हटलं की ऊन लागलं, मलेरिया, टायफॉइड हे आधी डोक्यात येतं, आणि भुसावळ-जळगावच्या पंचेचाळीस अंशांत ते यायलाच हवं. परीक्षेतला ताप वेगळा असतो. जंगलात तंबू ठोकून आलेला मुलगा, ताप, डोकेदुखी, मनगट-घोट्यांपासून सुरू झालेलं पुरळ : रॉकी माउंटन स्पॉटेड फीव्हर, डॉक्सिसायक्लिन, वय आठपेक्षा कमी असलं तरी, आणि रिपोर्टची वाट न बघता. गोचीड चावल्यावर मध्ये फिकट आणि कडेने लाल असा वाढत जाणारा चट्टा : लाइम डिसीज. हे इथे ओट्यावर दिसणार नाहीत. म्हणून ओट्यावरच्या वहीला आणि प्रश्नांच्या वहीला दोन वेगळे रंग ठेव.

वेळेचं मी फार काही सांगणार नाही, तू रात्रपाळ्या केलेली बाई आहेस. पहाटेची गच्ची सोडून दे. बिबडे हे आखाजीच्या आधीचं युद्ध आहे, तिथे तुझं इंग्रजी पुस्तक टिकणार नाही. आणि एखाद्या दिवशी स्वतः बस की पीठ हाटायला, आईला बरं वाटेल. अभ्यास पहाटे साडेतीन-चार ते सहा. तेव्हा गारवा असतो, लाइटही सहसा असते, आणि ह्यूस्टनला तेव्हा संध्याकाळ असल्याने सहाच्या सुमारास नवऱ्याशीही बोलून होईल. दुपारी झोप. अपराधी वाटून घ्यायचं कारण नाही, खान्देशात मे महिन्याच्या दुपारी कुणीच काही करत नाही.

परत गेल्यावर लगेच परीक्षेला बसू नकोस. साडेदहा तासांचा फरक अंगातून जायला आठवडा जातो, आणि घर, ड्यूटी हे सगळं तुझी वाटच बघत असणार. पोचल्यावर निदान तीन आठवडे राहतील अशी जूनची तारीख घे. त्यात पूर्ण दीडशे प्रश्नांच्या दोन मॉक टेस्ट, खऱ्या परीक्षेच्याच वेळेला, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. त्याआधी मॉक टेस्टची टक्केवारी बघत बसू नकोस.

आयसीयूतच राहू का, असंही विचारलंयस. राहायचं असेल तर खुशाल राहा, त्यात कमीपणा नाही. अमेरिकेत क्रिटिकल केअरसाठीचा वेगळा ॲक्यूट केअर नर्स प्रॅक्टिशनरही असतो आणि तुझ्यासारख्या पुष्कळजणी त्या वाटेने जातात. पण तू फॅमिली निवडलंस. का निवडलंस ते पत्रात लिहिलं नाहीस. रात्रपाळ्यांचा कंटाळा एवढंच कारण असेल तर ते पुरेसं आहे, लाजू नकोस. फक्त ४८२ या आकड्यावरून मागे फिरू नकोस. तो आकडा एवढंच सांगतो की काठावर आहेस.

राहिले अप्पा. त्यांना सांग, आणि आखाजीच्या आत सांग, कारण त्या दिवशी घर भरेल आणि कुणीतरी पेढे मागेल. सगळ्यांना सांगायची गरज नाही. गुडघ्याचे व्यायाम करून घेतेस ना त्यांच्याकडून, तेव्हा सांग. 'अप्पा, फेब्रुवारीत थोडक्यात राहिले, जूनला परत आहे.' दोन वाक्यं. आणि डॉक्टरच्या बरोबरीचंही तेव्हाच नीट करून टाक : पास झाल्यावर मी तपासणार, निदान करणार, औषध लिहिणार, पण टेक्सासमध्ये औषध लिहायला डॉक्टरशी लेखी करार लागतो, आणि नावापुढे डॉक्टर लागणार नाही. इंडियन नर्सिंग कौन्सिलनेही आपल्याकडे क्रिटिकल केअर आणि मिडवाइफरीचे नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रम आणलेत असं सांगितलंस तर त्यांना जरा धीर येईल. त्यांच्या पिढीला परीक्षेत राहणं म्हणजे काय ते चांगलं माहीत असतं, मॅट्रिकला किती राहिले होते ते त्यांनाच विचार. आई तर परीक्षाच कशाला म्हणतेय, तिच्याकडून तुला धोका नाही.

पंधरा तासांची सर्टिफिकेटं निघायच्या आधी, इथूनच अपलोड करून टाक. आणि ओट्यावरच्या वहीची दोन-तीन पानं मला पाठव, पाच ओळींसकट. 'फिजिशियनला कळवते' असं एकाही पानावर दिसलं, तर मी फोन करीन.